एप्रिलमध्ये हजार डॉलर, ऑक्टोबरमध्ये साडेतेरा हजार: मिशिगनमधल्या एका घराचा आरोग्यविमा

अमेरिकेत पगारदार माणसाला बहुधा कंपनीचा विमा असतो आणि ‘उत्पन्न किती?’ हा प्रश्न त्याला वर्षातून एकदा, टॅक्स भरताना पडतो. जो इनव्हॉइस पाठवतो आणि पैशांची वाट बघत बसतो, त्याला तो वर्षभर पडत राहतो. विम्याच्या अर्जात त्याचं उत्तर चुकलं तर दोन्हीकडून मार आहे. आकडा कमी लिहिला तर पुढच्या एप्रिलमध्ये सरकारला पैसे परत करा, जास्त लिहिला तर विमा आजच परवडत नाही.

डेट्रॉइटच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत, नोव्हाय, कँटन, फार्मिंग्टन हिल्स या पट्ट्यात, वाहन उद्योगावर पोट असलेली मराठी घरं आहेत. तशाच एका घराचं २०२५ साल इथे मांडतो आहे. घर नमुन्याचं आहे. त्याचं उत्पन्न आणि विम्याचे हप्ते हिशेब कळावा म्हणून बेतले आहेत. नियम, मर्यादा, टक्केवारी आणि तारखा मात्र खऱ्या आहेत. त्या दोघांना इथे दादा आणि वहिनी म्हणू.

घर आणि कमाई

दादा चव्वेचाळीस वर्षांचे. सुट्या भागांच्या एका पुरवठादाराकडे पंधरा वर्षं क्वालिटी इंजिनीअर होते. २०२३मध्ये कपात झाली, तेव्हापासून कॉन्ट्रॅक्टवर. एखाद्या कारखान्यातून सदोष माल निघाला की तिथे जाऊन तो वेगळा काढायचा, कारण शोधायचं, अहवाल द्यायचा, असं काम. काम असतं तेव्हा भरपूर असतं, नसतं तेव्हा अजिबात नसतं. वहिनी जवळच्या शाळेत अर्धवेळ मदतनीस आहेत. महिन्याला हजार डॉलर मिळतात, विमा नाही, आणि जून ते ऑगस्ट शाळा बंद म्हणून पगारही बंद. ऑक्टोबरमध्ये त्या दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डर घेतात. चकली, चिवडा, शंकरपाळे, बेसनाचे लाडू. त्यातून खर्च वजा जाता तीन हजार सुटतात. मुलं दोन, थोरला तेरा वर्षांचा, धाकटी सात. दादा अमेरिकन नागरिक आहेत, वहिनींना ग्रीन कार्ड मिळून आठ वर्षं झाली. ही आठ वर्षं महत्त्वाची आहेत. ग्रीन कार्ड मिळाल्यावर पहिली पाच वर्षं बहुतेक प्रौढांना मेडिकेड मिळत नाही आणि वहिनी त्यातून केव्हाच बाहेर पडल्या होत्या.

२०२५मध्ये घरात महिन्याला आलेली निव्वळ रक्कम अशी: जानेवारी ते मार्च दरमहा ५,८००, एप्रिल १,०००, मे १,०००, जून १,२००, जुलै ४,६००, ऑगस्ट ८,०००, सप्टेंबर १०,५००, ऑक्टोबर १३,५००, नोव्हेंबर १०,५००, डिसेंबर ७,५००. बेरीज ७५,२००.

एप्रिलमधली दरी आपोआप पडली नव्हती. ३ एप्रिल २०२५पासून आयात गाड्यांवर २५ टक्के शुल्क लागू झालं आणि ३ मेपासून सुट्या भागांवरही. कुठला भाग कुठून आणायचा याचा निर्णय होईपर्यंत कारखान्यांनी बाहेरची माणसं थांबवली. दादांना सांगण्यात आलं, “जुलैपर्यंत बघू.” लेखी काहीच नव्हतं.

दोन खिडक्या, दोन प्रश्न

इथे नियम नीट समजून घ्यावे लागतात, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यांतून निघतो.

मेडिकेड ही कमी उत्पन्नाच्या लोकांची योजना. मिशिगनने १ एप्रिल २०१४पासून ती ‘हेल्दी मिशिगन प्लॅन’ या नावाने प्रौढांसाठी वाढवली. अर्ज करताना ती विचारते: या महिन्यात घरात किती आले? मर्यादा दारिद्र्यपातळीच्या १३८ टक्के. २०२५ची दारिद्र्यपातळी चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ३२,१५० डॉलर होती, म्हणजे मर्यादा महिन्याला सुमारे ३,७०० डॉलर. मुलांसाठी मर्यादा बरीच वर आहे, मिशिगनमध्ये सुमारे २१७ टक्के, म्हणजे महिन्याला ५,८०० डॉलरच्या आसपास. घर, गाडी, बँकेतली शिल्लक यांचा इथे विचार होत नाही. आपल्याकडच्या पुष्कळांना हे पटत नाही. “माझ्या नावावर घर आहे, मला कसं मिळेल?” हा प्रश्न ठरलेला.

दुसरी खिडकी मार्केटप्लेसची. मिशिगनमध्ये ती केंद्र सरकारची हेल्थकेअर डॉट गव्ह आहे. तिथे खासगी कंपनीचा विमा घ्यायचा आणि हप्त्याचा काही भाग सरकार टॅक्स क्रेडिट म्हणून थेट कंपनीला आगाऊ देतं. ही खिडकी विचारते: १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या पूर्ण वर्षात एकूण किती होईल? म्हणजे भाकित मागते. ते कितपत बरोबर ठरलं याचा हिशेब वर्ष संपल्यावर टॅक्स रिटर्नमध्ये होतो. इथे दारिद्र्यपातळीही आदल्या वर्षीची धरतात, २०२५च्या विम्यासाठी २०२४ची, चौघांना ३१,२०० डॉलर.

एकाच अर्जात, एकाखाली एक, हे दोन्ही प्रश्न येतात. पगारदाराच्या बाबतीत दोन्हींचं उत्तर एकच, फक्त बाराने गुणायचं किंवा भागायचं. कॉन्ट्रॅक्टवाल्याच्या बाबतीत ती दोन उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत आणि जुळायलाही नकोत. मात्र फॉर्म भरणाऱ्याला वाटतं की आपले दोन आकडे विसंगत दिसतात, म्हणून तो एक आकडा दुसऱ्याला जुळवून घेतो. माझ्या मते या विषयातली सर्वांत महागडी सवय हीच आहे.

जानेवारी ते एप्रिल

नोव्हेंबर २०२४मध्ये दादांनी अर्ज भरला तेव्हा २०२४चं उत्पन्न ५८ हजारांच्या आसपास होतं, तेच २०२५साठी लिहिलं. अंदाज म्हणून ते ठीक होतं. ५८ हजार म्हणजे दारिद्र्यपातळीच्या १८५ टक्के. त्या पायरीवर २०२५मध्ये कुटुंबाने उत्पन्नाचे जेमतेम १.४ टक्के भरायचे होते, महिन्याला ६८ डॉलर. नवरा-बायकोच्या मानक सिल्व्हर विम्याचा (सिल्व्हर ही मार्केटप्लेसवरच्या विम्यांतली मधली श्रेणी) पूर्ण हप्ता ८५० धरू, बाकीचे ७८२ सरकारने दिले. उत्पन्न २०० टक्क्यांच्या आत असल्याने डिडक्टिबल (विम्याने पैसे द्यायला लागण्याआधी खिशातून भरायची रक्कम) आणि को-पे (दर भेटीला भरायचा आपला वाटा) यांतही मोठी सूट मिळाली. मुलं या विम्यात नव्हती. ती राज्याच्या मुलांच्या मेडिकेडवर होती आणि त्यांचं नूतनीकरण मे महिन्यात येत असे.

एप्रिलमध्ये काम थांबलं. मार्केटप्लेसचा नियम असा की उत्पन्नात बदल झाला तर ३० दिवसांत कळवायचं. वहिनी म्हणाल्या, कळवू. दादा आठवडाभर तयार नव्हते. “आपण काय इतके रस्त्यावर आलोय का?” ही एक बाजू. दुसरी म्हणजे भीती. मेडिकेड घेतलं तर वहिनींच्या नागरिकत्वाच्या अर्जाला बाधा येईल, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. सरकारवर बोजा ठरण्याची जी कसोटी आहे ती ग्रीन कार्ड मागताना लागते, नागरिकत्वाच्या अर्जाला लागत नाही. ग्रीन कार्ड हातात असलेल्या वहिनींना तिचा प्रश्नच नव्हता. पण मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत ऐकलेलं वाक्य खोडून काढायला सरकारी वेबसाइट पुरत नाही.

एप्रिलच्या मध्याला त्यांनी अर्जात बदल केला. महिन्याच्या रकान्यात १,०००. वर्षाच्या रकान्याशी दादा अडले. त्यांचा पहिला विचार होता १२,०००, हजार गुणिले बारा. हे सपशेल चूक ठरलं असतं, कारण जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांतच १७,४०० येऊन गेले होते. वर्षाच्या रकान्यात आलेलं अधिक येण्यासारखं, एवढंच लिहायचं असतं. त्यांनी ४० हजार लिहिलं.

जुलैत काम परत येणार असं दादांना सांगितलं होतं, मग ते धरायचं का? मेडिकेडच्या नियमात राज्यांना अशी मुभा आहे की उत्पन्नातला बदल आधीच ठरलेला असेल, म्हणजे सही झालेलं कॉन्ट्रॅक्ट असेल किंवा दरवर्षी ठरावीक महिन्यांत होणारी चढउतार असेल, तर तो विचारात घ्यावा. वहिनींचा उन्हाळ्यातला बंद पगार त्यात बसू शकतो. “बघू” म्हणणाऱ्या मॅनेजरचा फोन बसत नाही. हातात कागद नाही म्हणजे उत्पन्न नाही.

२८ एप्रिलला मंजुरीचं पत्र आलं आणि मगच त्यांनी मार्केटप्लेसचा विमा महिनाअखेरीपासून बंद केला. हा क्रम पाळणं फार गरजेचं आहे. पत्राआधी विमा बंद केला आणि मेडिकेड लांबलं तर माणूस मधल्या मधे उघडा पडतो. मेडिकेड अर्जाच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून लागू होतं, त्यामुळे एप्रिलमध्ये कागदोपत्री दोन्ही विमे होते. त्या महिन्याचं टॅक्स क्रेडिट परत करावं लागत नाही, कारण मेडिकेडची पात्रता क्रेडिटच्या हिशेबात मंजुरीनंतरच्या महिन्यापासून धरतात.

जून

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वहिनींच्या पोटात उजव्या बाजूला कळ आली. पहाटे तीनला इमर्जन्सी, पित्ताशयात खडे, दोन दिवसांत दुर्बिणीची शस्त्रक्रिया. हॉस्पिटलने कंपनीला लावलेलं बिल पाच आकडी होतं. त्यांच्या हातात आलेला आकडा शून्य.

आधीचा विमा चालू राहिला असता तरी त्या बुडाल्या नसत्या. २०० टक्क्यांच्या आतल्या सिल्व्हर विम्यात वर्षाच्या खर्चाला कमाल मर्यादा असते आणि ती बरीच खाली असते. पण काम बंद असताना हजार-दोन हजार डॉलर खिशातून जाणं निराळं. एप्रिलमध्ये कळवलं नसतं तर तो खर्च अंगावर आला असता.

याला दुसरी बाजूही आहे. मेडिकेडचं कामकाजही खासगी आरोग्य कंपन्या बघतात आणि दर कंपनीचे डॉक्टर वेगळे. दादांना मधुमेह आहे. त्यांचे डॉक्टर नव्या यादीत नव्हते. नव्या डॉक्टरांची पहिली भेट मिळायला सात आठवडे लागले. औषध चालू राहिलं, पण डोळ्यांची वार्षिक तपासणी राहून गेली ती गेलीच. उत्पन्न मर्यादेच्या वरखाली होत राहिलं की माणूस एका विम्यातून दुसऱ्यात आणि पुन्हा पहिल्यात ढकलला जातो, आणि खरं नुकसान अशा लांबलेल्या भेटींत होतं.

डॅलसमध्ये हेच घर असतं तर? टेक्ससने प्रौढांसाठी मेडिकेड वाढवलेलं नाही. तिथे आईवडिलांची मर्यादा इतकी खाली आहे की एप्रिलमध्येही हे दोघे बसले नसते. वर्षाचं उत्पन्न दारिद्र्यपातळीच्या १०० टक्क्यांवर राहिलं असल्याने टॅक्स क्रेडिट मात्र बाराही महिने चालू राहिलं असतं आणि डॉक्टर तेच राहिले असते. गरिबाला कमी देणाऱ्या राज्यात या एका घराचं वर्ष उलट सरळ गेलं असतं. पण तिथे उत्पन्न खरोखरच १०० टक्क्यांखाली गेलं तर मेडिकेडही नाही आणि क्रेडिटही नाही.

खतावणी

जुलैअखेर दादांच्या खात्यात पैसे आले. काम जूनमधलं होतं. पण त्यांच्यासारखा छोटा व्यावसायिक रोख पद्धतीने हिशेब ठेवतो, त्यामुळे पैसे हातात येतात तो महिना धरतात. मिशिगनमध्ये मेडिकेडवर असताना बदल दहा दिवसांत कळवायचा असतो. त्यांनी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कळवलं. छाननी, पुराव्याची मागणी, मग आगाऊ सूचना, असं होत मेडिकेड ३० सप्टेंबरला संपलं. कळवण्यात त्यांच्याकडून उशीर झाला नव्हता, त्यामुळे मधल्या दोन महिन्यांची काळजी नव्हती.

पुरावा म्हणून काय दिलं? पगारपत्रक नसणाऱ्याकडून स्वतः ठेवलेली खतावणी चालते, तारखा आणि आकडे नीट असले तर. दादांची खतावणी म्हणजे मुलाच्या उरलेल्या वहीतली पानं. सप्टेंबरच्या पानावर हे होतं: जमा ११,२००. नोव्हाय ते टोलेडो जाणं-येणं मिळून १,९०० मैल, मैलाला ७० सेंटच्या सरकारी दराने १,३३०. मोजमापाची उपकरणं आणि किरकोळ ३७०. निव्वळ ९,५००. उत्पन्न म्हणून मोजतात ते हे शेवटचं. अर्जात ११,२०० लिहिणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. स्वतःच्या गाडीचं पेट्रोल जाळून मिळवलेल्या पैशांवर जास्तीचा हप्ता भरणारा माणूस मराठीच असेल असं नाही, पण आपल्यात त्याचं प्रमाण कमी नाही. हिशेब ठेवायचा कंटाळा आणि “उगाच कमी दाखवलं असं नको वाटायला” ही भिडस्त वृत्ती, दोन्ही त्याला कारण.

उलट दिशेची गफलतही याच वेळी सापडली. दादांच्या नावावर पुण्यातल्या बँकेत पंधरा लाखांची एनआरई (परदेशात राहणाऱ्या भारतीयांसाठीची) मुदत ठेव आहे, वडिलांच्या पश्चात मिळालेल्या पैशांतून केलेली. व्याज भारतात करमुक्त, म्हणून त्यांनी ते कुठे धरलंच नव्हतं. अमेरिकेत मात्र जगभरचं उत्पन्न करपात्र आहे आणि हे व्याजही त्यात येतं. वर्षाचे एक लाख पाच हजार रुपये, म्हणजे १,२०० डॉलर. विम्याच्या हिशेबातही ते घ्यावंच लागतं. पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं असतं तर तेही. भावाने भेट म्हणून पाठवलेले पैसे मात्र उत्पन्न नव्हेत.

सप्टेंबरमधला गुणाकार

मेडिकेड जाणार असेल तर त्याआधी ६० दिवस आणि गेल्यानंतर ९० दिवस मार्केटप्लेसवर विशेष नोंदणी करता येते. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दादा पुन्हा त्या दोन रकान्यांपुढे बसले. महिना: १०,५००. बरोबर. वर्ष: १०,५०० गुणिले बारा, १,२६,०००.

पडद्यावर मदत शून्य आली. गणित आपल्या जागी बरोबर होतं. १,२६,००० म्हणजे दारिद्र्यपातळीच्या ४०० टक्क्यांहून वर. २०२५मध्ये तिथे उत्पन्नाच्या ८.५ टक्क्यांपर्यंतचा भार कुटुंबाचा, म्हणजे महिन्याला ८९२, आणि विम्याचा हप्ता त्याहून कमी, ८५०. सगळा हप्ता यांचाच. दादा म्हणाले, डिसेंबरपर्यंत तीनच महिने आहेत, विम्याशिवाय काढू. साखर असलेला चव्वेचाळीस वर्षांचा माणूस रोज सव्वाशे मैल गाडी चालवत विम्याशिवाय तीन महिने काढणार होता, तेही एका गुणाकारापायी.

खरं उत्तर वहीत होतं. सप्टेंबरअखेर हातात आलेले ४३,७००. पुढच्या तीन महिन्यांत कॉन्ट्रॅक्ट, शाळा आणि फराळ मिळून ३१,५००. ठेवीचं व्याज १,२००. त्यातून स्वयंरोजगार कराचा अर्धा भाग वजा होतो, सुमारे ४,७००. राहिले ७२ हजारांच्या आत-बाहेर. हाच आकडा टाकल्यावर मदत महिन्याला ६५८ डॉलर दिसली आणि यांचा वाटा १९२. उत्पन्न २०० टक्क्यांवर गेल्यामुळे डिडक्टिबलची मोठी सूट मात्र गेली, आणि नव्या विम्यात ते शून्यापासून सुरू झालं. तीन महिन्यांसाठी ते भरून निघणार नव्हतंच.

मुलांचं काय? घरात महिन्याला साडेतेरा हजार आले तेव्हाही मुलं मेडिकेडवरच होती, आणि तेही पूर्ण कायदेशीर. १ जानेवारी २०२४पासून सर्व राज्यांना बंधनकारक आहे की मूल एकदा पात्र ठरलं की बारा महिने त्याचं संरक्षण चालू ठेवायचं, मधे उत्पन्न वाढलं तरी. मे २०२५चं नूतनीकरण नेमकं काम बंद असताना झालं, म्हणून एप्रिल २०२६अखेरपर्यंत ती निश्चिंत. या सगळ्या व्यवस्थेत चढउताराच्या उत्पन्नाचा विचार करून केलेला नियम मला हा एकच दिसतो. प्रौढांसाठी तो नाही.

टॅक्सच्या टेबलावर

फेब्रुवारी २०२६मध्ये मार्केटप्लेसकडून १०९५-ए हा कागद आला. त्यावर विम्याचे सात महिने: जानेवारी ते एप्रिल, ऑक्टोबर ते डिसेंबर. टॅक्स रिटर्नला जोडायच्या फॉर्म ८९६२वर हिशेब जुळवला. वर्षाचं अंतिम उत्पन्न ७१,७२३ डॉलर, दारिद्र्यपातळीच्या २२९ टक्के. त्यानुसार यांचा वाटा महिन्याला १८९ हवा होता आणि सरकारचा ६६१. पहिल्या चार महिन्यांत सरकारने दरमहा ७८२ दिले होते, शेवटच्या तीन महिन्यांत ६५८. एकूण ४७५ डॉलर जास्त आले, ते परत केले. (स्वयंरोजगारात भरलेल्या हप्त्यांचीही वजावट मिळते, पण वजावटीने क्रेडिट बदलतं आणि क्रेडिटने वजावट. ते चक्र सॉफ्टवेअरवर सोडून इथे बाजूला ठेवलं आहे.)

दादांना ४७५ टोचले. माझ्या मते हे वर्ष उत्तम सुटलं. उत्पन्न अंदाजापेक्षा तेरा-चौदा हजारांनी वाढलं आणि त्याची किंमत पाचशेच्या आत राहिली. याहून मोठी चूक झाली असती तरी २०२५साठी परतफेडीला कमाल मर्यादा होती. पती-पत्नीचं एकत्र रिटर्न आणि उत्पन्न २०० ते ३०० टक्क्यांमध्ये असेल तर १,९५० डॉलर. त्याच्या पलीकडचं सरकार सोडून देत असे.

२०२६मध्ये हेच घर

ती मर्यादा आता नाही. ४ जुलै २०२५ला सही झालेल्या कायद्याने २०२६च्या टॅक्स वर्षापासून ती काढून टाकली आहे. जास्त आलेलं सगळं परत. त्याच वेळी, २०२१पासून वाढवून दिलेली मदत ३१ डिसेंबर २०२५ला संपली. त्याच प्रश्नावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सरकारचं कामकाज त्रेचाळीस दिवस बंद राहिलं, तरी मुदत वाढली नाही. म्हणून ४०० टक्क्यांची जुनी रेषा परत आली. चौघांना ती यंदा १,२८,६०० डॉलरवर आहे. रेषेच्या आत उत्पन्नाचे जास्तीत जास्त ९.९६ टक्के भरायचे, एक डॉलर पुढे गेलं की मदत पूर्ण बंद.

दादांना यंदा वर्षभराचं, सही झालेलं कॉन्ट्रॅक्ट मिळालं आहे. निव्वळ ९,५०० दरमहा. वहिनींचा पगार, फराळ आणि व्याज धरून, वजावटीनंतर उत्पन्न १,१८,९०० च्या आसपास, म्हणजे ३६९ टक्के. यांचा वाटा महिन्याला ९८७. नवरा-बायकोचा हप्ता नव्या दराने ९९० धरला तर एप्रिलपर्यंत मदत नावापुरती. मेमध्ये मुलांचं नूतनीकरण होईल, त्या वेळच्या उत्पन्नावर ती मेडिकेडमधून बाहेर पडतील, आणि चौघांचा हप्ता १,५५० झाला की मदत ५६३ होईल. आठ महिन्यांत ४,५०४ डॉलर.

आता समजा डिसेंबरमध्ये टोलेडोच्या कारखान्याने तातडीचं काम दिलं आणि निव्वळ ११,००० जास्त आले. हरकत काय, असं कुणीही म्हणेल. उत्पन्न १,२९,१५७ होतं, रेषेच्या ५५७ डॉलर पुढे, आणि ४,५०४ पूर्ण परत करावे लागतात.

यावर उपाय आहे आणि तो वर्ष संपल्यावरही करता येतो. स्वयंरोजगार असणाऱ्याला सेप-आयआरए हे निवृत्तीचं खातं उघडता येतं. त्यात टाकलेली रक्कम या उत्पन्नातून वजा होते, आणि ती रिटर्नच्या मुदतीपर्यंत, मुदतवाढ घेतली तर १५ ऑक्टोबरपर्यंत, आदल्या वर्षासाठी भरता येते. म्हणजे डिसेंबर संपला, सगळे आकडे समोर आले, मग शांतपणे हजार डॉलर तिथे टाकले की उत्पन्न १,२८,१५७. रेषेच्या आत. हजार डॉलर स्वतःच्याच म्हातारपणासाठी ठेवून ३,९०० च्या आसपास वाचले. उरलेले सहाशे वाढलेल्या उत्पन्नापायी परत करावेच लागतात. २०२६पासून मार्केटप्लेसवरचे ब्राँझ (हप्ता कमी, डिडक्टिबल जास्त असे) विमेही आरोग्य बचत खात्याला पात्र धरले आहेत. असा विमा पूर्ण वर्ष असेल तर कुटुंबाला ८,७५० डॉलरपर्यंत वजावट तिथूनही मिळते. डोळ्यांची तपासणी आणि मधुमेहाची औषधं बघता दादांनी ब्राँझ घेतला नाही, आणि ते मला योग्यच वाटतं. पगारदाराच्या हातात अशी सोय फार थोडी असते. चढउताराच्या उत्पन्नाला एवढा एक फायदा आहे, तो सोडू नये.

काम पुन्हा थांबलं तर मेडिकेडचा दरवाजा आहे, पण तो अरुंद होतो आहे. २०२६च्या अखेरीपासून हेल्दी मिशिगनसारख्या वाढीव मेडिकेडवरच्या प्रौढांची पात्रता दर सहा महिन्यांनी तपासली जाईल. १ जानेवारी २०२७पासून त्यांना महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा सेवा दाखवावी लागेल, किंवा किमान वेतनाने ८० तासांची कमाई, म्हणजे ५८० डॉलर. तेरा वर्षांपर्यंतचं मूल घरी असलेल्या पालकांना यातून सूट आहे. धाकटी सात वर्षांची असल्याने या दोघांना ती मिळेल, पण सूट आहे हे कागदावर मांडावं लागेल. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांची बिलं मेडिकेड मागाहून भरत असे, या गटासाठी २०२७पासून तो काळ एका महिन्यावर येतो. एप्रिल २०२५मध्ये दादांनी आठवडाभर घोळ घातला तसा घोळ तेव्हा महाग पडू शकतो.

सध्या ठरलं आहे ते एवढं. खतावणी वहीतून एक्सेलमध्ये गेली आहे आणि वहिनी ती दर महिन्याच्या पाच तारखेला भरतात. उत्पन्न अंदाजापेक्षा तीन हजारांनी इकडे-तिकडे झालं की अर्जात बदल करायचा, आणि डिसेंबरचं जास्तीचं काम घ्यायचं की जानेवारीत इनव्हॉइस पाठवायचं, हे काम आल्यावर बघायचं.